अवसेला परत करायचं पुस्तक

“थांब गो, उंबरा ओलांडू नको. पिशवीत पुस्तक आहे का?”

दारात उभ्या असलेल्या बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. कोल्हापूरहून दोन एसट्या बदलून, हाडं खिळखिळी करून घेऊन मी गुहागरजवळच्या पालवेळला पोचले होते. कोण, कुठची, पाणी हवं का, यातलं काही नाही. पुस्तक आहे का.

“आहेत दोन,” मी म्हटलं. “आमच्या साहेबांनी तुम्हाला भेट पाठवलीत.”

“भयकथा?”

“हो.”

“मग तिथं बाहेरच्या फळीवर ठेव आणि पाय धुऊन आत ये. आज अवस आहे. आजच्या दिवशी परक्या घरचं मी आत घेत नाही.”

मी पुस्तकं फळीवर ठेवली. मनात म्हटलं, आष्टेकर, नऊ तासांचा प्रवास करून तुम्ही एका वेडीकडे आला आहात.

ही चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी हेमलता आष्टेकर तेव्हा चौतीस वर्षांची होते. लग्न झालेलं नव्हतं, घरी एक म्हातारी आई होती आणि नोकरी होती जयराज उमराणीकरांकडे, त्यांच्या कादंबऱ्या टंकलिखित करण्याची. उमराणीकर येरझाऱ्या घालत सांगायचे, मी यंत्रावर खडखडत राहायची. दीड महिन्याला एक कादंबरी पडायची. विहिरी, पिंपळ, पांढरी साडी, रडणारं मूल, सगळं ठरलेलं. मुखपृष्ठावर त्यांच्या नावाच्या वर ठसठशीत लाल अक्षरांत ‘भयकथा’ असं छापलेलं असायचं. वाचनालयांतून त्यांची पुस्तकं हातोहात जायची.

मग इतरांनीही तसंच छापायला सुरुवात केली. साताऱ्याचा एक, नगरचे दोन, मुंबईचे तर किती. उमराणीकरांचं डोकं फिरलं. “लोक नाव बघत नाहीत, आष्टेकर. लाल शब्द बघतात आणि उचलतात. शब्द माझा आहे आणि पोळी हे भाजतात!” त्यांनी वकील गाठला आणि पुस्तकांवर छापण्यापुरता ‘भयकथा’ हा शब्द आपल्या एकट्याच्या नावे व्हावा म्हणून ट्रेडमार्कसाठी अर्ज ठोकला. साबणाचं नाव असतं, चहाचं असतं, तसं हे. आयत्या बिळावर नागोबा, असं मला वाटलं, पण पगार देणाऱ्याला नागोबा म्हणायची माझी हिंमत नव्हती.

ट्रेडमार्कच्या साहेबांनी शंका काढली. हा तर साधा शब्द आहे, भाजीला भाजी म्हणावं तसा, तो तुमचाच कसा? वकिलांनी त्यावर मार्ग काढला. अडुसष्ट सालच्या उमराणीकरांच्या पहिल्या पुस्तकाआधी कुणीही मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हा शब्द छापलेला नव्हता, असं शपथेवर लिहून द्यायचं. एक प्रतिज्ञापत्र उमराणीकरांचं आणि एक जुनी वाचनालयं धुंडाळून आल्याचं माझं. शिवाय हा शब्द छापणाऱ्या अकरा लेखकांना तो थांबवा म्हणून नोटिसा गेल्या. बहुतेकांनी मान तुकवली, दोघातिघांनी शिव्या लिहून पाठवल्या, आणि पालवेळहून एक पोस्टकार्ड आलं. ‘आम्ही हा शब्द पूर्वीपासून छापतो. येऊन पाहून जावे. इंदुमती खातू.’

“पूर्वीपासून म्हणजे कधीपासून, ते बघून या,” उमराणीकर म्हणाले. “अडुसष्टाच्या आधीचं एक जरी पुस्तक निघालं तरी अर्ज कोसळला म्हणून समजा.” मग आवाज उतरवून म्हणाले, “आणि अर्ज मंजूर झाला तर त्या शिक्क्याखालचं पहिलं पुस्तक तुमचं. तुमच्या नावानं. शब्द देतो.”

माझं हस्तलिखित तीन वर्षं त्यांच्या कपाटात पडलं होतं. दहा वर्षं दुसऱ्याची वाक्यं बडवल्यावर आपलं नाव एकदा तरी छापलेलं दिसावं, ही इच्छा किती आंधळी असते ते ज्यानं बडवली त्यालाच कळेल. मी तिकीट काढलं.

खातूबाई साठीच्या आसपासच्या, काटक, कपाळ मोकळं. ओटीवर शिवणयंत्र, भिंतीला कपाट आणि कपाटात शंभरेक पुस्तकं. पोलकी शिवायच्या आणि वाचनालय चालवायच्या. त्यातली चौदा पुस्तकं त्यांनी स्वतः लिहिलेली होती. चिपळूणच्या एका छापखान्यात दोन-दोनशे प्रती काढून जत्रेत विकायच्या. पातळ, बत्तीस पानी, आणि प्रत्येकीवर ‘भयकथा’.

चहा पिताना मी मुद्द्याला हात घातला. “बाई, हा शब्द तुम्ही वर छापता, तो का?”

“म्हणजे काय? लोकांना कळायला नको कुठली परत आणायची ती?”

“पुस्तकं सगळीच परत आणायची असतात ना?”

“नाही गो. बाकीची कधी पण आण. भुताची गोष्ट अवसेला दिवेलागणीच्या आत परत. त्या रात्री ती परक्या घरात राहता कामा नये.” त्यांनी बशीतला चहा फुंकला. “गोष्ट वाचली की आतलं जागं होतं. हिंडतं बिचारं या घरातून त्या घरात. महिन्यातून एकदा घरी यायला नको का त्याला?”

मी हसले. त्याही हसल्या.

“खरं सांगू? पुस्तकं लोक परत आणीनात म्हणून मीच उठवलेली असेल ही हूल. इतकी वर्षं झाली, मलाच आठवत नाही. पण आता मला मोडता येत नाही. मोडून बघायची छाती नाही.”

“आणि हा शब्द छापायचा नाही असं कायद्यानं ठरलं तर?”

खातूबाई विचारात पडल्या. चिडल्या नाहीत, तेच मला अवघड गेलं.

“मग लोकांच्या घरात राहतील की पुस्तकं,” त्या म्हणाल्या. “तुझ्या साहेबांना हे कुणी सांगितलं नसेल. ते मोठे लेखक. त्यांना कळेल.”

उन्हं कलली तशी माणसं यायला लागली. मी ओटीच्या कोपऱ्यात बसून पाहत होते. मासे विकून आलेल्या बायका, एक पोस्टमन, टोपीवाले दोन म्हातारे. प्रत्येकाच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, पुस्तक दोन्ही हातांनी पुढे करायचं आणि म्हणायचं, “तुझं तुला.” खातूबाई आतून ते घ्यायच्या आणि म्हणायच्या, “आलं.” एवढंच. माणूस वळायचा आणि मागं न बघता जायचा. खातूबाई वहीत त्या नावापुढे फुली मारायच्या. उंबऱ्यापाशी कंदील लावून ठेवलेला होता.

शेवटची आली शेजारची सुभद्रा धोपट, धापा टाकत.

“इसारले व्हते ओ बाय! चुलीवर भात टाकला नि आठावलं.”

“ये, ये. एक तुझंच राहिलं होतं.”

“तुझं तुला.”

“आलं.”

खातूबाईंनी वही मिटली आणि कंदील उचलून आत आणला. “झालं. आता उद्यापासून नवी लिहायला घ्यायची. पंधरावी.”

“मग आजवर का थांबलात?”

“अवसेला जुनं सगळं घरात आल्याशिवाय नवं उठवायचं नाही. एक जरी बाहेर राहिलं तरी ते येईपर्यंत कंदील दारात आणि दौत बंद. पण तशी वेळ अजून कुणी आणली नाही हो माझ्यावर. गाव चांगलं आहे.”

शेवटची एसटी केव्हाच गेली होती. मी त्यांच्याकडेच राहिले. कुळथाचं पिठलं, भात आणि आमसुलाचं सार झालं. आता मी मूळ प्रश्न विचारला. यातलं सगळ्यांत जुनं कुठलं?

त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढलं. पानांच्या कडा तपकिरी झालेल्या, पाठीला पांढऱ्या दोऱ्याचे टाके घातलेले. मुखपृष्ठावर एक होडी आणि त्यावर काळ्या ठशांत ‘भयकथा’. खाली साल, एकोणीसशे एकसष्ट.

“दोनशे काढली होती. कसरीनं खाल्ली, लोकांनी हरवली. ही एकच राहिलीय. माझी पहिली.” त्यांनी ते पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. “घेऊन जा. साहेबांना वाचायला दे. मी कुठं त्यांच्या वाटेत येणार आहे? वाचून ते म्हणाले की बाई, तुम्ही हा शब्द छापू नका, तर नाही छापणार. पुढच्या अवसेला पुस्तक घेऊन ये, तेव्हा हवी तिथं सही करते.”

“तुम्ही माझ्यावर एवढा विश्वास कसा टाकता?”

“अगो, अख्खं गाव नेतं आणि आणतं. तू काय वेगळी?”

वहीत त्यांनी माझं नाव लिहिलं. हेमलता आष्टेकर, कोल्हापूर. शिवणाऱ्या हाताचं बारीक, सरळ अक्षर होतं.

पुस्तक मी परतीच्या एसटीत वाचलं. खाडीवरच्या एका तरवाल्याची गोष्ट होती. रोज संध्याकाळची शेवटची खेप तो करतो, आणि चढताना जितकी माणसं मोजली त्यापेक्षा पलीकडे एक जास्त उतरतं. बस, इतकंच. तो कुणाला सांगत नाही, फक्त मोजत राहतो. शेवटी एका संध्याकाळी आकडा बरोबर जुळतो, आणि त्याला कळतं की ते आता उतरत नाही. कुंभार्ली घाटात भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. उमराणीकरांच्या ऐंशी कादंबऱ्या टंकताना मी कधी पापणी हलवली नव्हती.

मग मला राग आला. खोटं कशाला सांगू? आनंद व्हायला हवा होता, राग आला. कपाटातलं माझं हस्तलिखित मला आठवलं. त्यातली विहीर, त्यातला पिंपळ. पोलकी शिवणाऱ्या एका बाईनं बत्तीस पानांत जे केलं होतं ते मला जन्मात जमलं नसतं. आणि हिच्या एकसष्ट सालामुळे माझ्या नावाचं पुस्तकही निघणार नव्हतं.

कोल्हापुरात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी उमराणीकरांनी विचारलं, “काय निघालं?”

पुस्तक माझ्या पर्समध्ये होतं. पर्स मांडीवर होती.

“काही नाही,” मी म्हटलं. “सगळी अलीकडची आहेत. बाई जरा भोळसट आहे, तिला सालांचा पत्ता नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी समाधानानं हात चोळले. तीन-साडेतीन आठवड्यांनी मी दोन्ही प्रतिज्ञापत्रं माझ्याच यंत्रावर टंकली. ‘मी शपथेवर सांगते की माझ्या माहितीप्रमाणे सन १९६८ पूर्वी...’ वकिलांच्या टेबलावर सही केली. पेन नीट चालत नव्हतं, दोनदा गिरवावं लागलं. पुढची अवस तेव्हा चार दिवसांवर होती.

माझा विचार असा होता की अर्जाचं काम उरकलं की पुस्तक टपालानं परत पाठवू. एक अवस चुकेल, चुकू दे. पण मग वाटलं, खातूबाईंनी ते दुसऱ्या कुणाला दाखवलं तर? माझी खोटी शपथ उघडी पडली तर? पुस्तक मी घरी नेऊन ट्रंकेत, आईच्या जुन्या लुगड्यांच्या तळाशी ठेवलं.

त्या अवसेला संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते. आईला मोतीबिंदू झालेला होता, दारातलं माणूस तिला सावलीएवढं दिसायचं. ती खाटेवरून म्हणाली, “हेमे, दारात कोण आलंय बघ.”

दार उघडंच होतं. कुणी नव्हतं.

“कुणी नाही, आई.”

“अगं, बाई उभी आहे. हात पुढं करून उभी आहे. काहीतरी मागतेय.”

भिकारीण असेल आणि गेली असेल, असं मी ठरवलं. तीन अवसांनंतर एक पोस्टकार्ड आलं. ‘चि. हेमलता हिस आशीर्वाद. साहेबांचं वाचून झालं नसेल तर घाई नाही. मोठ्या माणसांना कामं असतात. पण झालं की घेऊन ये. इंदुमती खातू.’ मी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार होते?

वर्षभरानं अर्ज मंजूर झाला. उमराणीकरांनी प्रमाणपत्राला चौकट करून ते बैठकीच्या खोलीत टांगलं, पेढे वाटले. मग नोटिसांचा दुसरा सपाटा सुरू झाला. दिवाळी अंकांनासुद्धा. संपादक हसले, चिडले आणि मग कटकट नको म्हणून ‘थरारकथा’ नाही तर ‘गूढकथा’ छापू लागले. त्या नोटिसा मीच टंकायची. यादीतून पालवेळचं नाव मात्र मी गुपचूप गाळलं. तेवढंच पुण्य पदरात पाडून घेतलं. म्हटलं, बाई लिहीत राहील, छापत राहील, तिला कुणी त्रास देणार नाही.

माझं पुस्तकही निघालं. उमराणीकर शब्दाला जागले. लाल अक्षरांत ‘भयकथा’, खाली हेमलता आष्टेकर. पहिली प्रत मी आईच्या हातात दिली. तिनं मुखपृष्ठावरून बोटं फिरवली आणि विचारलं, “हे त्या बाईचं का गं?”

“कुठल्या बाईचं?”

“दर महिन्याला येते ती. अवसेला.”

आईला मी अवस कधी सांगत नव्हते. कॅलेंडर तिला दिसत नव्हतं. तरी ती चुकत नसे. “आत तरी घे तिला, केव्हाची उभी आहे,” असं म्हणायची. मी दार लावून घ्यायला लागले तर म्हणायची, “लावलंस तरी काय, ती जाते थोडीच?” शहाण्णव साली आई गेली. पुढच्या अवसेला मी दिवेलागणीच्या आधीच दाराला कडी घातली आणि रेडिओ मोठ्यानं लावला. रेडिओवर कुणी शेतीविषयी बोलत होतं. मी दाराकडे पाठ करून बसले आणि मला कळत होतं की आई खोटं बोलत नव्हती. दिसलं काहीच नाही. पण कुणी आपली वाट बघत असलं की पाठीला कळतं.

त्या पुस्तकानंतर मी एक ओळ लिहिली नाही. कागद घेतला की तरवाला आठवायचा.

दोन हजार दोन साली उमराणीकर दवाखान्यात पडले होते, तेव्हा मी भेटायला गेले. वय ऐंशीच्या घरात, अंगात काही उरलं नव्हतं, पण तोंड चालू होतं.

“हसायचे लोक मला,” ते म्हणाले. “शब्दाचा सात-बारा काढलाय म्हणायचे. पण आष्टेकर, मी खोटी शपथ घेतली नाही. तुम्ही महाराष्ट्र पालथा घातलात, काही निघालं नाही, म्हणून मी सही केली. एखादं जुनं पुस्तक निघालं असतं ना, तर अर्ज मागं घेतला असता त्याच दिवशी. त्या लेखकाला जाऊन भेटलो असतो.”

“खरंच?”

“म्हणजे काय? आपल्या आधी कुणीतरी होतं, याचा आनंद नसता झाला? एकटा वाटायचो हो मी.”

मी मोसंबी सोलत होते. सोलून झाल्यावर एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवत गेले. आठ दिवसांनी ते गेले.

त्याच महिन्याच्या अवसेला ट्रंकेतून पुस्तक काढून, फडक्यात गुंडाळून मी पालवेळला गेले. रस्ता डांबरी झाला होता. घर तेच होतं, ओटीवर शिवणयंत्र नव्हतं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. दोन्ही हातांनी पुस्तक पुढे केलं.

“तुझं तुला.”

आतून कुणी आलं नाही. शेजारच्या अंगणातून एक म्हातारी आली. मला ओळख पटायला वेळ लागला. सुभद्रा धोपट.

“कोन पायजे, बाय?”

“खातूबाई.”

“ती ग्येली गेल्या दिवालीत. तू कोन?”

मी नाव सांगितलं. सुभद्रा माझ्याकडे बघतच राहिली. मग कमरेची किल्ली काढून तिनं दार उघडलं, आत गेली आणि वही घेऊन आली. एक नव्हे, तीन. पहिल्या वहीत माझं नाव होतं, मी पाहिलं होतं ते. पुढे प्रत्येक अवसेची तारीख आणि प्रत्येक तारखेपुढे त्याच बारीक अक्षरात एकच शब्द. ‘येईल.’ पानंच्या पानं. शेवटच्या वहीत अक्षर थरथरत होतं, पण शब्द तोच.

“दर अवसंला कंदील घेऊन हितंच बसायची,” सुभद्रा म्हणाली. “आमी आपापली पुस्तकां द्यून जायचो. ही उठायची नाय. एक बाह्येर हाय म्हनायची, कोलापूरला हाय. तेल सपेस्तवर बसायची.”

“आणि लिहायच्या? पुढची पुस्तकं?”

“कुठली पुस्तकां? एक बाह्येर असल्यावर नवी कशी लिवनार? त्या सालापासनं दौत उघडली नाय तिनं. आमी म्हनायचो, बाय, सोड आता, ती बया काय येत नाय. तर चिडायची. पोरीनं सबूद दिलाय म्हनायची, मोठ्या मानसाकडं अडकली आसल.”

मी तिला गाळलं होतं. यादीतून तिचं नाव गाळून पुण्य पदरात पाडलं होतं. नोटिशीनं तिला कुणी गप्प केलं नाही, कायद्यानं नाही, उमराणीकरांनी नाही. पंधरावी गोष्ट तिच्या डोक्यात तयार होती आणि मी लुगड्यांखाली पुस्तक दाबून ठेवलं म्हणून ती सतरा वर्षं दौत मिटून दारात बसून राहिली. मी पायरीवर बसले आणि रडले. सुभद्रानं रडू दिलं.

मग मी पुस्तक तिच्यापुढे केलं. “हे तुम्ही घ्या. तुझं तुला.”

सुभद्रा दोन पावलं मागं सरकली.

“मी न्हाय हात लावनार.”

“निदान ‘आलं’ म्हणा.”

“मी कशी म्हनू? माजं हाय का त्ये? जिचं व्हतं ती म्हनायची.” तिला माझी कीव आली असावी, आवाज मऊ झाला. “आता कोन म्हननार, बाय? तुज्यापाशीच ऱ्हानार त्ये.”

मी पुस्तक घेऊन कोल्हापूरला परत आले.

उमराणीकरांच्या मुलांना त्या प्रमाणपत्रात रस नव्हता. मुदत संपली, कुणी ती वाढवली नाही, चौकट रद्दीत गेली. आता कुणीही पुस्तकावर ‘भयकथा’ छापतो. मागच्या दिवाळीत मी दुकानात मोजली, एका फळीवर सहा होती. तो शब्द पुन्हा सगळ्यांचा झाला. पुस्तक मात्र माझं झालं. कुणाचं कधी झालं नसेल इतकं माझं.

अवसेला दिवे लागायच्या वेळी मी दारात दिवा लावते. जिन्यातून येणारे-जाणारे विचारतात, आजी, कसलं व्रत? मी म्हणते, आहे एक. मग उंबऱ्याबाहेर उभी राहते, पुस्तक दोन्ही हातांनी पुढे करते आणि माझ्याच घराच्या आतल्या अंधाराला म्हणते, “तुझं तुला.” आणि ऐकत राहते.

तिनं सतरा वर्षं वाट पाहिली. माझं हे बाविसावं चालू आहे.